छायाचित्र सुधारा, मूळ जपा
यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात टिपलेले वाघाचे छायाचित्र काळसर आले, तर ते सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उजळता येते. मात्र प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात व त्यांवरूनच त्याची ओळख पटते. त्यामुळे पट्ट्यांना धक्का लावू नये. नवशिक्यांनी क्रॉप, उजेड व रंग सहज हाताळता येतील असेच सॉफ्टवेअर निवडावे. एकेकाळी लोकप्रिय असलेले पिकासा गुगलने २०१६ मध्ये बंद केले. मोबाइलवर स्नॅपसीड सोपे पडते. संगणकासाठी गिम्प मोफत मिळते, पण ते शिकण्यास वेळ लागतो. जेपीईजी फाइल सुधारून पुन्हा साठवली की तिचा दर्जा थोडा घटतो. म्हणून सुधारित प्रत नव्या नावाने साठवावी. मूळ फाइलच गमावली, तर खरे पट्टे कोणतेही सॉफ्टवेअर परत देणार नाही.