अर्ज बाद होऊ नये म्हणून

मुशायऱ्यात शेर ऐकवण्याआधी शायर म्हणतो, 'अर्ज किया है'. म्हणजे, आपल्यापुढं सादर करतो. नोकरीसाठी आपण कचेरीत देतो तो अर्जही हाच शब्द. मूळचा अरबी, फारसीतून मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. मी दोन्ही प्रकारचे अर्ज केले. पहिल्याला अधूनमधून दाद मिळाली, दुसऱ्याला बहुतेक वेळा उत्तरसुद्धा आलं नाही. कवितेवर चूल पेटत नाही, म्हणून बी.ए. झाल्यावर एका संस्थेत कारकून म्हणून लागलो. पुढं तिथंच दुसऱ्यांचे अर्ज उघडून लावण्याचं काम माझ्याकडं आलं. त्या टेबलावर बसून जे कळलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

एका जागेसाठी दोन-तीनशे अर्ज यायचे. वरिष्ठांचा पहिला हुकूम असायचा, 'आधी बाद होणारे वेगळे काढा.' लायक कोण, हा प्रश्न नंतरचा. आधी पाहायचं ते एवढंच की अर्ज मुदतीत आला का, शिक्षण जाहिरातीप्रमाणं आहे का, कागद जोडलेत का, सही आहे का. या चाळणीतून निम्मे अर्ज गळायचे. एक अर्ज मला अजून आठवतो. मोत्यासारखं अक्षर, गुण सगळ्यांत जास्त, वडील ऊसतोड कामगार. आणि खाली सहीच नव्हती. नियमाप्रमाणं मी तो बाद गठ्ठ्यात ठेवला. त्या मुलाला आपण का राहिलो हे कधीच कळलं नसेल. 'आपलं नशीबच खोटं' असं म्हणून तो गप्प बसला असेल.

म्हणून पहिली गोष्ट ही, की नोकरी मिळणं पूर्णपणे आपल्या हातात नाही, पण अर्ज बाद न होणं आपल्या हातात आहे. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. एवढ्या गर्दीत कागदातल्या चुकीनं मागं राहणं कुणालाच परवडणारं नाही. आता अर्ज संगणकावर भरतात, पण चाळणी तीच आहे. फरक इतकाच की पूर्वी कारकुनाला कधी तरी दया यायची, यंत्राला येत नाही.

जाहिरात तीनदा वाचा. पहिल्यांदा, आपण बसतो का हे पाहायला. दुसऱ्यांदा तारखांसाठी. अर्जाची शेवटची तारीख कोणती आणि वय कोणत्या तारखेला मोजणार आहेत, या दोन तारखा वेगळ्या असू शकतात. तिसऱ्यांदा, हातात पेन्सिल घेऊन, लागणाऱ्या कागदांसाठी. अधिवास, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर हे दाखले चार दिवसांत निघत नाहीत, आणि काहींना मुदत असते. अनेक जाहिरातींत दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आतला लागतो. त्यामुळं जाहिरात आल्यावर तहसीलला धावण्यापेक्षा निकाल लागला की लगेच कागद जमवायला लागावं. एक फाइल करा. पहिल्या पानावर कोणता दाखला कधीपर्यंत चालतो त्याची यादी लावा.

आता नावाची गोष्ट. माझा भाचा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. एका सरकारी भरतीत लेखी परीक्षा पास झाला. घरात शिरखुर्मा झाला, मोहल्ल्यात सांगून झालं. कागदपत्रं तपासण्याच्या दिवशी मात्र त्याला परत पाठवलं. दहावीच्या प्रमाणपत्रावर इंग्रजीत आडनाव एका स्पेलिंगनं होतं, आधारवर दुसऱ्या. शिवाय शाळेत 'शेख' आधी आणि आधारवर शेवटी. संध्याकाळी ओट्यावर बसून तो म्हणाला, "मामू, परीक्षेत पास झालो आणि एका अक्षरात नापास झालो."

आमच्यात शेख, सय्यद, पठाण ही आडनावं इंग्रजीत चार-चार प्रकारे लिहितात. पण हे दुखणं एकट्या आमचं नाही. शाळेत 'भाऊसाहेब' असलेला मुलगा आधारवर 'भाऊ' असतो. लग्न झालेल्या मुलीचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. उपाय सोपा आहे, पण वेळेत करावा लागतो. दहावीचं प्रमाणपत्र पाया धरा आणि बाकीचे सगळे कागद त्याच्याशी जुळवा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून नीट पाहून बदला. नावच बदललं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोंद करून ती प्रत फाइलला लावा. मुलं अजून शाळेत असतील तर आई-वडिलांनी आजच दप्तरातली नोंद बघून घ्यावी, कारण शाळा सुटल्यावर ती दुरुस्त करणं फार जिकिरीचं होतं. आपल्या जिल्ह्याचंही नाव 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. म्हणून जुन्या दाखल्यांवर खाडाखोड करायला जाऊ नका. दाखल्यावर जे छापलंय ते तसंच राहू द्या आणि अर्जातल्या यादीत जे नाव दिसेल ते निवडा.

दुसरा प्रश्न, जागा शोधायच्या कुठं? 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हापासून आपल्याकडं नोकरी म्हटली की कारखाना, सोसायटी, बँक, शाळा एवढंच सुचतं आणि मग 'कुणाची चिठ्ठी मिळेल' याचा शोध सुरू होतो. चिठ्ठीनं एखादं दार उघडतही असेल, पण आत गेल्यावर काम येतं का, हे चिठ्ठी सांगत नाही. आमच्या वेळी एम्प्लॉयमेंटच्या कार्डावर भिस्त असायची. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसती एम्प्लॉयमेंटकडून नावं मागवून भागणार नाही, जागा वर्तमानपत्रातही जाहीर करा. आज ती नोंदणी राज्याच्या 'महास्वयम' संकेतस्थळावर होते, आणि केंद्राचं 'नॅशनल करिअर सर्व्हिस' 2015 पासून आहे. दोन्हीकडं नाव घाला, पण नाव घालून वाट बघत बसू नका.

ज्याला हातानं काम करायचंय, त्यानं अ‍ॅप्रेंटिसशिप सोडू नये. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ही सोय आहे. 2019 च्या नियमांप्रमाणं तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. नागापूरची एमआयडीसी आहे, सुप्याची आहे, श्रीरामपूरची आहे. जिथं एके काळी लूना तयार झाली, त्या या गावाला कारखान्याच्या कामाची ओळख नवी नाही. विद्यावेतन पगाराएवढं नसतं, हे खरं. पण 'अनुभव किती?' या प्रश्नाला पहिलं उत्तर तिथंच मिळतं. भाचा तसाच लागला. आज कंत्राटावर आहे, कायम नाही. पण हाताला काम आहे, आणि रात्री नव्या जाहिराती वाचायला उमेदही आहे.

खासगी ठिकाणी अर्ज स्वतःच्या शब्दांत लिहावा लागतो. माझा पहिला अर्ज चार पानांचा होता. 'मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक व होतकरू तरुण असून' अशी सुरुवात आणि मधे स्वतःच्या दोन ओळी! पुढं टेबलाच्या पलीकडं बसल्यावर कळलं, की 'मेहनती व प्रामाणिक' प्रत्येकच अर्जात असतं. वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून जाते. कवितेत विशेषण कापायला शिकलो ते अर्जातही उपयोगी पडलं. एक पान पुरे. वर विषय, जाहिरातीचा क्रमांक आणि तारीख. मग आपलं शिक्षण आणि आपण प्रत्यक्ष काय केलं ते. 'मला हिशेबाची आवड आहे' यापेक्षा 'दोन वर्षं किराणा दुकानाची रोजकीर्द आणि उधारीची वही लिहिली' हे वाक्य वजनदार. मुली घरच्या दुधाचा हिशेब ठेवतात, बचत गटाची वही लिहितात आणि अर्जात 'अनुभव नाही' असं लिहून टाकतात. तसं करू नका, तो अनुभवच आहे. फोन नंबर दोनदा तपासा, अर्ज मोठ्यानं वाचून बघा, सही करा आणि एक प्रत जवळ ठेवा. मुलाखतीला बोलावलं तर त्या पानावर जे लिहिलंय, त्यावरच प्रश्न येतील. येत नसेल ते 'येत नाही, शिकेन' असं सरळ सांगावं. थापा मारणारा समोरच्याला पहिल्या दोन प्रश्नांतच कळतो.

आणि शेवटची गोष्ट पैशांची. परीक्षेचं शुल्क असतं, ते जाहिरातीत छापलेलं असतं आणि अधिकृत संकेतस्थळावरच भरायचं असतं. त्यापलीकडं कुणी 'साहेबांना द्यायचेत' म्हणून लाख-दोन लाख मागितले, तर ती नोकरी नाहीच असं समजा. आमच्या ओळखीतल्या एका बापानं अर्धा एकर विकून पैसे दिले. मुलाच्या हाती शिक्क्याचं नेमणूकपत्र आलं, आणि तो हजर व्हायला गेला तेव्हा शिपायानं ते वाचून परत दिलं. आखातात जाणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं, की 1983 च्या परदेशगमन कायद्याखाली नोंदणी असलेलाच एजंट माणसं पाठवू शकतो, आणि त्याची फी तीस हजार रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त असू शकत नाही. एजंटचा नोंदणी क्रमांक 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासा आणि मगच पासपोर्ट हाती द्या.

अर्ज म्हणजे गयावया नव्हे. शायर मैफलीत उभा राहतो तो भीक मागायला नाही, आपल्याजवळ जे आहे ते मांडायला. पसंत पडेल, न पडेल. एका मैफलीत दाद मिळाली नाही म्हणून तो लिहायचं सोडत नाही. तुम्हीही सोडू नका. मात्र पाकीट बंद करण्याआधी किंवा ते शेवटचं बटण दाबण्याआधी एकदा खाली बघा, सही राहिली नाही ना?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)