नातेपुते ते माळशिरस, गळ्यात झेड-नाइन

पहाटे साडेतीन

नातेपुत्यात माउलींच्या तळावर जाग येते तेव्हा माझं पहिलं काम बॅटऱ्या बघणं. निकॉनचा बिनआरशाचा झेड-नाइन हातात असला की दिवसाची आखणी विजेपासून सुरू होते. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश सरळ डोळ्यापर्यंत पोचायचा. बॅटरी काढून ठेवली तरी समोरचं दिसायचं. इथे आपण बघतो ते सेन्सरने टिपलेलं आणि इवल्याशा पडद्यावर उमटलेलं चित्र असतं, त्यामुळे नुसतं बघायलाही वीज जाते. सलग फटाफट फोटो काढले तर एका बॅटरीत काही हजार निघतात. वारीत मात्र काढण्यापेक्षा थांबणं जास्त, आणि थांबताना डोळा व्ह्यूफाइंडरलाच लागलेला. बॅटरी कॅमेऱ्यातच यूएसबी-सीने चार्ज होते ही मोठी सोय, फक्त पॉवर बँक तशी दमदार हवी.

पहाटेची पूजा तंबूत. प्रकाश थोडा, जागा त्याहून थोडी. बॉडीतलं स्थिरीकरण चांगलं असल्याने हातात धरून १/१५ सेकंदावरही समई आणि पादुका स्वच्छ येतात. पुजाऱ्यांचे हात हलतात ते मात्र हललेलेच दिसतात, आणि दिसावेत.

साडेसहा

पालखी निघते. आता वजन कळू लागतं. आरसा गेला म्हणून कॅमेरा हलका झाला, हे दुकानात ऐकायला मिळणारं वाक्य या बॉडीला लागू नाही. बॅटरी आणि कार्डासह ती १३४० ग्रॅम भरते. याच कंपनीचा आरशाचा डी-८५० तसाच तयार करून तोलला तर १००५ ग्रॅम. झेड-नाइनला ७०-२०० ची एफ/२.८ लेन्स लावली, तिचे कॉलरसकट १४४० ग्रॅम धरले, की गळ्यात पावणेतीन किलोंहून जास्त लोंबतं. उभी पकड बॉडीतच असल्यामुळे उभ्या चौकटी सहज घेता येतात आणि जड लेन्स हातात तोलून बसते, हे खरं. तरी दिंडीबरोबर चालणाऱ्याला मी हा कॅमेरा घे म्हणून सांगणार नाही. एका जागी ठाण मांडून काम करायचं असेल तर जरूर घ्यावा.

आठ

रस्त्याच्या कडेला एक आजोबा हात जोडून उभे राहतात. फोटो काढून मी कॅमेरा खाली घेतो, तरी ते तसेच, श्वास रोखून.

“झाला का माउली?”

“झाला की, माउली.”

“आवाज न्हाई आला.”

या कॅमेऱ्यात यांत्रिक शटरच नाही. २०२१ साली तो आला तेव्हा ही मोठी उडी होती. सेन्सर थरांवर थर चढवून केलेला असल्याने ४५.७ मेगापिक्सेलचं चित्र साधारण चार मिलिसेकंदांत वाचून होतं. वाचायला वेळ लावणाऱ्या सेन्सरवर आवाजाशिवाय फोटो काढला तर पळत्या घोड्याचे पाय तिरपे येतात, हलती पताका वाकते. तो दोष इथे जवळपास संपला आहे. आवाज हवा असेल तर तो स्पीकरमधून वाजवून घ्यायचा.

तेव्हापासून रस्त्यावर मी तो मुद्दाम चालू ठेवतो. वारीत माणसं उघड्यावर आंघोळ करतात, बायका ओले केस सोडून बसतात, कोणी थकून तोंड उघडं टाकून झोपलेलं असतं. पूर्वी खट्ट झालं की माणूस वळून बघायचा, नको असेल तर हात आडवा धरायचा. बिनआवाजी कॅमेऱ्याने त्याची ती संधी काढून घेतली आहे. कॅमेऱ्यांच्या परीक्षणांत शांत शटर गुणांच्याच रकान्यात पडतं. माझ्या मते त्याची निम्मी नोंद दुसऱ्या रकान्यात व्हायला हवी.

साडेदहा

मांडवे ओढ्याला जेवणं चालू आहेत. पिठलं-भाकरी खाता खाता मी कार्डं रिकामी करतो. १४ बिटांची, काही न गाळता दाबलेली एक रॉ फाइल ५५ एमबीच्या आसपास जाते. सेकंदाला वीस फ्रेमचा वेग धरला तर एका सेकंदात एक जीबी संपला. म्हणून मी हाय एफिशियन्सी स्टार हा प्रकार वापरतो. फाइल तेहतीस-एक एमबीवर येते आणि मोठ्या छपाईतही मला फरक दिसलेला नाही. कार्ड लागतं सीएफएक्स्प्रेस बी जातीचं. दोन्ही खाचा त्याच. गावातल्या फोटो स्टुडिओत एसडी कार्ड हमखास मिळेल, हे मिळणार नाही. कार्ड गेलं की दिवस गेला, म्हणून जादाचं खिशात.

डोक्यावर तुळस घेतलेल्या एक मावशी शेजारी येऊन टेकतात.

“माउली, मघाशी काढलाय तो दावा की. ह्यात मी हाय का?”

पडद्यावर त्यांचा चेहरा मोठा करून दाखवतो. कपाळावरचं बुक्क्याचं बोट, घामाची धार, पापणीचा एकेक केस. त्या बराच वेळ बघतात. “लई म्हातारी दिसाया लागले,” म्हणतात, आणि नातवाचा नंबर सांगतात. कॅमेऱ्यातून फोनवर छोटी प्रत पाठवायला दोन मिनिटं लागतात. भाकरी संपायच्या आत फोटो त्यांच्या गावी पोचलेला असतो.

दुपारी दोन

पुरंदावड्याचं रिंगण. दिंड्या गोल धरून उभ्या राहिल्यात, मधे पालखी, पताका लावलेल्या, चोपदार धावपळीत. पाऊस नाही, धूळ आहे. लेन्स बदलायची वेळ येऊ नये. आलीच तर आधी कॅमेरा बंद करायचा. बंद केला की सेन्सरपुढे एक पडदा येऊन बसतो. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात सेन्सर उघड्यावर असतो आणि धुळीचा एक कण पुढच्या प्रत्येक आभाळात डाग होऊन दिसतो. पडदा नाजूक, त्याला बोट लावायचं नाही.

आधी पताकाधारी धावतात, मग तुळशीवाल्या, विणेकरी. मग अश्व. पुढे स्वाराचा घोडा, मागे माउलींचा, पाठीवर कोणी नाही. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात.

कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात ओळखता येणाऱ्या प्राण्यांत कुत्रा, मांजर, पक्षी एवढेच. घोड्याचं नाव नाही. तरी प्राण्यांची ओळख चालू ठेवली की माउलींच्या अश्वाचा डोळा बऱ्याचदा सापडतो. ओळख कॅमेऱ्यावर सोपवली तर स्वाराच्या घोड्यावर चौकट स्वाराच्या चेहऱ्याकडे पळते. आणि मधे पताका आली, कोणाचा हात आला, की पकड सुटायची भीती. आडवं कोणी आलं तर फोकसने किती दम धरायचा याच्या एक ते पाच पायऱ्या आहेत. रिंगणाला पाच. घोडा पताकांच्या रांगेआड जातो, बाहेर येतो, आणि फोकस त्याच्यावरच असतो. हे हाताने करायला मी आयुष्यातली कित्येक वर्षं घातली आहेत. आता ते कॅमेरा करतो आणि माझ्यापेक्षा चांगलं करतो.

पण या कॅमेऱ्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण वेगळाच. आरशाच्या कॅमेऱ्यात फोटो निघताना आरसा वर उचलला जायचा आणि व्ह्यूफाइंडर क्षणभर काळा व्हायचा. जो क्षण टिपला, नेमका तोच फोटोग्राफरला कधी दिसत नसे. त्याच्या आधीचा दिसायचा, नंतरचा दिसायचा. इथे वीस फ्रेमच्या वेगातही चित्र तुटत नाही. चारही टापा जमिनीवरून सुटलेल्या, आयाळ मागे, धुळीत उन्हाची तिरीप, हे सगळं मी टिपतानाच बघत असतो. रिंगण डोळ्यांनी बघितल्याचं समाधान मला या कॅमेऱ्याने दिलं.

वळणावर घोडा कधी उगवेल याचा नेम नसतो. त्यासाठी बटण पूर्ण दाबण्याआधीचा एक सेकंद साठवून ठेवायची युक्ती २०२२ च्या फर्मवेअरमध्ये आली. ती चालते फक्त जेपेगमध्ये. दुपारच्या उन्हात पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या आणि त्यात पांढरा घोडा; असल्या उजेडात मला रॉच हवी, म्हणून ही युक्ती असून मला तिचा उपयोग नाही.

अश्व गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. खरं बघण्यासारखं तेव्हा सुरू होतं आणि कॅमेरा तिथेच कमी पडतो. शेकडो चेहरे समोर असताना त्याला सगळे सारखे. जवळचा, मोठा, स्पष्ट डोळ्यांचा चेहरा तो उचलतो. मातीत वाकलेली, डोळे मिटलेली म्हातारी मला हवी असते. तो तिच्या शेजारचा मोबाइल उंचावलेला तरुण धरतो. एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जायला छोटी कांडी आहे, पण ती तीनदा ढकलेपर्यंत म्हातारी उठलेली असते. अशा वेळी मी ओळखच बंद करतो आणि एकच बिंदू ठेवतो. कोणाकडे बघायचं, हे ठरवायला मग माझ्याखेरीज कोणी उरत नाही.

संध्याकाळी साडेसहा

माळशिरसचा तळ. समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या गोळा होतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड वर करतात आणि सगळं थांबतं. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. ती ऐकून घेतली जाते. हरवलं-सापडलेलं पुकारलं जातं, मग आरती.

इथे आवाज बंद. या शांततेत शटर वाजवणं मला कधीच बरं वाटलं नाही, आणि जुन्या कॅमेऱ्याने मी इथे फोटो काढायचे टाळत असे. अडचण दिव्यांची येते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावरचे साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं की निभावतं. एलईडीच्या फळ्या निराळ्याच वेगाने लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये चित्रावर पट्टे येतात. त्यासाठी शटरचा वेग बारीक पायऱ्यांनी बदलता येतो. चोपदार दंड खाली आणायच्या आत तो जुळवायला हवा, म्हणून मी तळावर तासभर आधी जाऊन दिवे बघून ठेवतो.

रात्री दहा

आता निवड. रिंगणाचा भाग काही मिनिटांचा, फ्रेम हजारांत. एकाच उडीच्या वीस फ्रेम, वीसही धारदार. पूर्वी फोकस चुकलेले आपोआप बाद व्हायचे. आता प्रत्येकीकडे बघून नाही म्हणावं लागतं. कॅमेरा घेताना लोक किंमत विचारतात. भारतात तो पावणेपाच लाखांच्या आसपास आला. हा रोजचा रात्रीचा तास, मोठी कार्डं, जादा डिस्क, दमदार लॅपटॉप यांचा हिशोब कोणी मागत नाही, आणि माझ्या मते खरा खर्च त्यात आहे.

वर्तमानपत्राला तीन फोटो जातात. त्यात घोड्याचा एक, दोन माती लावणाऱ्यांचे.

उद्या खुडूस फाट्याला पुन्हा गोल रिंगण. वेग वीसवरून दहावर आणून ठेवला आहे, आणि दोरीजवळ उभं न राहता अश्वांच्या वाटेपलीकडे, माती उचलायला बायका धावतात त्या बाजूला जागा धरणार आहे.