वरच्या दाढेचं इम्प्लांट झालं, पण गाल दुखायचा थांबत नाही? दुखणं दाताचं की सायनसचं, हे कसं ओळखायचं?

समजा, वरूडच्या एका संत्रा बागायतदाराने बहाराचे पैसे हाती आल्यावर वरच्या पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून घेतलं. दोन महिने झाले. टाके कधीच निघालेत, पण डावा गाल जड आहे. खाली वाकलं की डोळ्याखाली ठणकतं, नाकातून एकाच बाजूने घाण वास येतो. घरचे म्हणतात, "सर्दी भरली असन, वाफ घ्या." दाताचे डॉक्टर म्हणतात, इम्प्लांट पक्कं बसलंय, नाकाच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे सायनसच्या गोळ्या मिळतात. आठवडाभर बरं वाटतं आणि परत तेच.

अशा फेऱ्यांमध्ये महिने जातात, कारण दुखणं दोन डॉक्टरांच्या हद्दीवर असतं.

दाताचा आणि सायनसचा संबंध काय?

नाकाच्या दोन्ही बाजूंना गालाच्या हाडात हवेने भरलेली एकेक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात. मध्ये हाडाचा पातळ थर, काही जणांमध्ये तर फक्त नाजूक अस्तर.

इंग्रज डॉक्टर नॅथॅनिएल हायमोर यांनी १६५१ मध्ये या पोकळीचं सविस्तर वर्णन केलं. त्यांच्या एका रुग्ण बाईचा वरचा सुळा काढल्यावर त्या जागेतून सतत पाणी येत होतं. तिने त्या भोकात पिसाचा दांडा सरकवून पाहिला, तर तो आत आत जातच राहिला. बाई घाबरून गेली. तो दांडा गेला होता सायनसमध्ये.

दाढ काढून बरीच वर्षं झाली की तिथलं हाड झिजतं आणि सायनसचा तळ आणखी खाली येतो. म्हणजे स्क्रू बसवायला हाडच कमी उरतं. अशा वेळी डॉक्टर 'सायनस लिफ्ट' करतात. अस्तर अलगद वर उचलायचं आणि खाली हाडाची भुकटी भरायची. ही शस्त्रक्रिया जगभर रोज होते आणि बहुतेकांना काही त्रास होत नाही.

मग बिघडतं कुठे?

शस्त्रक्रियेत अस्तर फाटू शकतं. भरलेली भुकटी सायनसमध्ये सांडू शकते. इम्प्लांटभोवती जंतुसंसर्ग होऊ शकतो. क्वचित स्क्रूच सैल होऊन पोकळीत सरकतो. कधी तोंड आणि सायनस यांच्यात छिद्र राहून जातं, मग चूळ भरताना पाणी नाकातून येतं.

सायनसची रचनाही अडचणीची आहे. पाणी बाहेर जायचा मार्ग पोकळीच्या वरच्या भागात असतो. एरवी अस्तरावरचे बारीक केस चिकट पाणी वर ढकलत नेतात. सूज आली की तो मार्ग बंद होतो आणि पू तळाशी साचतो. म्हणून वाकल्यावर गाल ठणकतो. म्हणूनच अँटिबायोटिक घेतलं की दुखणं दबतं आणि कोर्स संपला की परत येतं. मूळ कारण जागेवरच असतं.

पण प्रत्येक दुखण्याचा दोष इम्प्लांटवर टाकू नये. आधीचा जुना सायनस, शेजारची किडलेली दाढ, जबड्याचा सांधा किंवा दुखावलेली नस ही कारणंही असू शकतात. स्कॅन स्वच्छ असूनही जळजळ, झिणझिण्या किंवा करंट लागल्यासारखं होत असेल, तर नसेच्या दुखण्याचा विचार करावा लागतो. त्याची औषधं वेगळी असतात.

किती दिवस वाट पाहायची?

पहिले काही दिवस सूज, दुखणं, नाकातून थोडं रक्त येणं हे अपेक्षित आहे. ते रोज थोडं कमी होत गेलं पाहिजे. दोन आठवड्यांनंतरही दुखणं तसंच असेल किंवा कमी होऊन परत वाढत असेल, तर दाखवा. सर्दीचा सायनस बहुधा दोन्ही बाजूंना त्रास देतो. त्रास एकाच बाजूला, इम्प्लांटच्याच बाजूला असेल आणि सोबत घाण वास असेल, तर संशय दाताकडे जातो.

डॉक्टरांना काय विचारायचं?

नेहमीचा ओपीजी एक्स-रे सपाट चित्र देतो. त्यात स्क्रूचं टोक नेमकं कुठे आहे, हे नीट कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन लागतो. त्यात पूर्ण सायनस दिसेल असा काढायला सांगा. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने नाक आतून तपासतात.

वरूडहून अमरावती असो की नागपूर, जाऊन-येऊन दिवस जातो. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख, इम्प्लांटची कंपनी आणि माप, सायनस लिफ्ट झाली होती का, आधीचे एक्स-रे आणि घेतलेल्या गोळ्यांची नावं हे सगळं एकाच फाईलमध्ये न्या. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायची विनंती करा. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही दाखवता येतं.

उपचार कारणावर ठरतात. काहींना औषधं पुरतात, काहींची दुर्बिणीने सायनसची शस्त्रक्रिया होते, काहींचं छिद्र बंद करावं लागतं. इम्प्लांट प्रत्येक वेळी काढावंच लागतं असं नाही. पण सैल झालेलं किंवा सायनसमध्ये सरकलेलं इम्प्लांट काढावं लागतं.

घरी काय टाळायचं?

इम्प्लांटनंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस नाक जोरात शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. स्ट्रॉने पिऊ नका. छिद्र आहे का, हे पाहायला नाक दाबून फुंकर मारू नका, छिद्र मोठं होऊ शकतं. बिडी-सिगारेट आणि खर्रा बंद ठेवा. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो.

थांबायचंच नाही असं कधी?

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, जोराचा ताप, गाल बधिर होणं, टाळूवर किंवा नाकात काळी खपली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. शुगर असणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, महाराष्ट्राने पाहिली आहे. वरचे दात हलणं आणि एका बाजूचा चेहरा दुखणं ही तिचीही लक्षणं होती. तिथे उशीर झालेल्या अनेकांना वरचा जबडा किंवा डोळा गमवावा लागला.

म्हणून इम्प्लांटनंतर एकाच बाजूचा गाल आठवडेच्या आठवडे दुखत असेल, तर गोळ्यांचा तिसरा कोर्स सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारा: "डॉक्टर, स्क्रूचं टोक आणि सायनस एकाच स्कॅनमध्ये पाहिलंत का?"