संमतीपत्रावर सही करण्याआधी

४ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील शाळा पुन्हा उघडल्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरी भागात आठवी ते बारावी, असा निर्णय सरकारने २४ सप्टेंबरला जाहीर केला. त्याच दिवशी प्रार्थनास्थळे ७ ऑक्टोबरपासून उघडण्याची घोषणाही झाली. म्हणजे तीन दिवसांच्या अंतराने मुलांची शाळा आणि आपली मशीद, दोन्हींची दारे उघडणार होती. नमाजला जायचे की नाही, हे प्रत्येकजण स्वतःपुरते ठरवणार होता. मुलाला शाळेत पाठवायचे तर मात्र पालकांनी लेखी संमती द्यायची होती. हजेरीची सक्ती नव्हती.

त्यामुळे हिंगोली जिल्ह्यात तेव्हा घराघरात एकच चर्चा होती. आई म्हणते, 'पोरं वाया चालली, जाऊ द्या.' दादी म्हणते, 'जान है तो जहान है, एक वर्ष गेलं तर काय बिघडतं?' वडील दोघींकडे पाहतात आणि कागद कपाटावर ठेवून देतात. या लेखाचा हेतू एवढाच आहे, की तो कागद तसाच पडून राहू नये. सही करायची की नाही हे आपणच ठरवायचे, पण विचार करून ठरवायचे.

भीती उगाच नाही

आपल्या जिल्ह्यातील पालकांनी घाबरू नये, असे म्हणणे सोपे आहे. पण त्याआधीचे वर्ष आठवून पाहा. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. २७ जानेवारीला पाचवी ते आठवीची मुले शाळेत आली. महिना होतो न होतो तोच मराठवाडा-विदर्भात रुग्ण वाढू लागले आणि हिंगोली जिल्ह्यात १ ते ७ मार्च अशी संचारबंदी लागली. शाळा, महाविद्यालये, प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली. एप्रिल-मे तर कोणीच विसरणार नाही. ऑक्सिजनसाठी नांदेड-परभणीपर्यंत धावाधाव, जनाजाला मोजकी माणसे. कळमनुरीचे सुपुत्र, खासदार राजीव सातव १६ मे रोजी गेले. वय अवघे ४६. दिल्लीपर्यंत ओळख असलेला माणूस वाचत नाही, मग आपले काय, ही धास्ती तेव्हा जी बसली ती शाळा उघडतानाही निघालेली नव्हती.

त्यात सरकारी निर्णयही बदलत राहिले. जुलैत कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्याची मुभा मिळाली. १७ ऑगस्टपासून बाकीच्या शाळा उघडणार म्हणून जाहीर झाले आणि टास्क फोर्सच्या सल्ल्यावरून ते थांबले. तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड याच आपल्या जिल्ह्याच्या पालकमंत्री होत्या, पण या गोंधळातून आपला जिल्हाही सुटला नाही. अशा वेळी 'आता तरी नक्की का?' असे पालकांनी विचारले, तर त्यात त्यांची चूक नाही.

मुलांना धोका किती?

भीती खरी असली, तरी ती योग्य जागी आहे का, हे पाहिले पाहिजे. २०२१ च्या जून-जुलैमध्ये आयसीएमआरने देशातील ७० जिल्ह्यांत रक्ततपासणीची चौथी पाहणी केली. आपल्या शेजारचे परभणी आणि नांदेड हे जिल्हेही त्यात आहेत. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी ६१ टक्क्यांहून अधिक मुलांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे सापडली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना हा आजार होऊन गेला होता. त्यांच्यापैकी बहुतेकांना तो झाल्याचे कळलेही नाही.

आता विचार करा, तेव्हा शाळा बंदच होत्या. मग मुलांना आजार लागला कुठून? घरातून, बाजारातून, लग्नातून, गल्लीतून. शाळा बंद ठेवून आपण मुलांना कोरोनापासून दूर ठेवले, ही समजूत खरी नाही.

याचा अर्थ मुलांना काहीच होत नाही, असा नव्हे. काही मुले गंभीर आजारी पडली. कोरोना होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी अंगावर पुरळ, सततचा ताप, पोटदुखी घेऊन दवाखान्यात दाखल झालेली मुलेही आहेत. पण अशांचे प्रमाण थोडे आहे. या आजाराने सगळ्यात जास्त बळी घेतले ते वयस्कर माणसांचे आणि ज्यांना साखर, बीपी, दमा, मूत्रपिंडाचा विकार आहे अशांचे. म्हणून मुलाला शाळेत पाठवताना खरा प्रश्न 'मुलाला काय होईल?' एवढाच नाही. 'मूल घरी काय घेऊन येईल आणि घरात कोण आहे?' हाही आहे.

आपल्या घरांत दादा-दादी, नाना-नानी एकाच छपराखाली राहतात. अल्लाहची ती मोठी रहमत आहे. पण यामुळेच मुलांच्या शाळेचा प्रश्न आधी मोठ्यांच्या लशीचा प्रश्न होतो. तेव्हा मुलांसाठी लस मिळत नव्हती, अठरा वर्षांवरील सर्वांना ती मोफत मिळत होती. ज्या घरात वडीलधाऱ्यांचे दोन्ही डोस झाले आहेत, त्या घराने मुलाला शाळेत पाठवणे आणि ज्या घरात एकाचाही डोस झालेला नाही, त्या घराने पाठवणे यांत फार फरक आहे.

आपल्या मोहल्ल्यांत लशीबद्दल किती अफवा फिरल्या, हे सांगायला नको. मूल होत नाही, दोन वर्षांत माणूस मरतो, लशीत हराम काही आहे, असे मोबाईलवर येत राहिले आणि लोकांनी ते पुढे पाठवले. देशातील अनेक उलमांनी लस घेण्याचे आवाहन केले आहे. २०२१ च्या हजसाठी सौदी सरकारने तिथे राहणाऱ्या साठ हजार लोकांनाच परवानगी दिली आणि तीही लस घेतलेल्यांनाच. ज्या लशीशिवाय हज मिळाला नाही, तिच्याबद्दल आपल्या ओट्यावर बसून शंका काढत राहण्यात शहाणपण नाही.

घरी बसून काय गेले?

दादी म्हणते, एक वर्ष गेले तर काय बिघडते? पण गेले ते एक वर्ष नाही. मार्च २०२० पासून हिशेब केला, तर शाळा उघडेपर्यंत अठरा महिने होतात. जे मूल २०२१ मध्ये पाचवीत होते, ते वर्गात शेवटचे बसले तेव्हा तिसरीत होते. जे तेव्हा दुसरीत होते, त्याने शाळेचा वर्ग आतून पाहिलेलाच नव्हता.

मधल्या काळात ऑनलाइन शिक्षण होते, असे कागदावर म्हणता येईल. 'टिलीमिली'सारखी मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर आली, शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवला, काही शिक्षक गावात येऊन पारावर, ओट्यावर मुलांना शिकवून गेले. त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. पण घरात एक मोबाईल, तो अब्बूंच्या खिशात, आणि अब्बू सकाळी गाड्यावर किंवा मोंढ्यात गेले की रात्री परतणार. रिचार्ज संपला की अभ्यासही संपला. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पंधरा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांत सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागातील फक्त ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती. ३७ टक्के मुले काहीच शिकत नव्हती. त्याच पाहणीत खेड्यातील ९७ टक्के पालकांनी शाळा उघडा असे सांगितले.

आपल्या मुलांचे नुकसान आणखी एका बाजूने झाले आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जातात. घरात बोली दखनी, मोहल्ल्यात दखनी, मराठी कानावर पडते ती गुरुजी-बाईंची आणि वर्गमित्रांची. अठरा महिने ती कानावर पडली नाही. जे मूल धडा घडाघडा वाचत होते, ते शब्द जोडत वाचू लागले. उर्दू शाळेतील मुलांना तर 'टिलीमिली'चाही आधार नव्हता, ती मालिका मराठीत होती.

मुलगी आणि मुलगा

सगळ्यात जास्त काळजी मोठ्या मुलांची आहे. शाळा बंद झाली तेव्हा आठवीत असलेली मुलगी २०२१ मध्ये दहावीत होती. या काळात तिने घरचा स्वयंपाक, धाकट्या भावंडांचे सगळे सांभाळले. तिच्यावाचून घर चालत नाही, अशी सवय सगळ्यांना झाली. शाळा नाही, पोरगी मोठी झाली, लॉकडाउनमध्ये थोड्या माणसांत, थोड्या खर्चात निकाह होतो, म्हणून किती घरांत बोलणी झाली, ते आपण सगळे जाणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार हिंगोली जिल्ह्यात वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणींची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली होती. शेजारच्या परभणीत हा आकडा ४८ टक्के होता. हा दोष कुठल्या एका समाजाचा नाही, साऱ्या मराठवाड्याचा आहे. पण आपल्या मुलीपुरता तो थांबवणे आपल्या हातात आहे. मुलगी शाळेत असते, तोवर 'अजून शिकतेय' हे उत्तर आई-वडिलांच्या हाती असते. शाळा सुटली की ते उत्तरही जाते.

मुलाची गोष्ट वेगळी. तो गॅरेजवर, पंक्चरच्या दुकानावर, हळदीच्या कामावर गेला. आठवड्याला चार पैसे आणू लागला. लॉकडाउनने मोडलेल्या घराला त्या पैशांचा आधार झाला, हे नाकारून चालणार नाही. पण त्याच्या हातातला पाना आता काढून घेतला नाही, तर तो पुन्हा वही धरणार नाही. ज्या घराला ते पैसे सोडणे खरोखर जमत नाही, त्यांच्यासाठी मोहल्ल्यातील सधन लोकांनी आणि जमातीने पुढे यावे. जकात रमजानमध्येच द्यावी असा नियम नाही.

मशवऱ्याची रीत

साथ आली तर काय करावे, हे आपल्याला नवीन नाही. हिजरी सन १८ मध्ये शाममध्ये अम्वासची साथ आली. हजरत उमर (रजि.) तिकडेच निघाले होते. वाटेत सर्ग येथे त्यांना साथीची खबर मिळाली. त्यांनी एकट्याने निर्णय घेतला नाही. आधी मुहाजिर, मग अन्सार, मग कुरैशातील वडीलधारे, अशा सर्वांचा मशवरा घेतला. मते दोन पडली. अखेर त्यांनी परतायचे ठरवले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत, या अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. दक्षता घेणे म्हणजे इमान कमी असणे नव्हे, हे त्यातून शिकायचे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुसरीकडे इल्म मिळवणे हेही आपल्यावर फर्जच आहे आणि पहिली वही उतरली ती 'इकरा' या शब्दाने. जान आणि इल्म या दोन्हींची जबाबदारी आपल्यावर आहे. एकीसाठी दुसरी टाकून देता येत नाही.

म्हणून घरातही मशवरा करा. आजी-आजोबांना, आईला आणि खुद्द मुलालाही बसवा. काही प्रश्न विचारा. घरातील मोठ्यांचे डोस झाले का? नसतील, तर या आठवड्यात कोण कोणाला घेऊन जाणार? घरात डायलिसिसवर, कॅन्सरच्या उपचारावर कोणी आहे का? मुलाला स्वतःला दमा, हृदयाचा त्रास असा जुना आजार आहे का? असेल, तर डॉक्टरांना विचारूनच पाठवा. शाळेत जाऊन गुरुजींना विचारा: शिक्षकांचे दोन्ही डोस झाले का, एका बाकावर एकच मूल बसवणार का, खिडक्या उघड्या राहणार का, हात धुवायला पाणी आहे का? हे विचारणे म्हणजे गुरुजींवर अविश्वास नव्हे, तो पालकांचा हक्क आहे. आणि मूल जाणार कशात? वर्गात अंतर ठेवून काय उपयोग, जर ऑटोत किंवा काळी-पिवळीत बाराजण कोंबले जाणार असतील? जवळची शाळा असेल तर पायी किंवा सायकलवर जाऊ द्या.

बाकीच्या गोष्टी आता पाठ झाल्या आहेत. नाका-तोंडावर नीट बसणारा धुतलेला मास्क, दप्तरात एक जादा मास्क, स्वतःची पाण्याची बाटली, स्वतःचा डबा. घरी आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच दादीजवळ. आणि सर्दी-ताप असेल त्या दिवशी शाळा नाही. 'हजेरी बुडेल' म्हणून औषध पाजून मुलाला पाठवू नका.

ज्यांची मुले घरीच राहणार

हिंगोली, वसमत, कळमनुरी या नगरपालिकांच्या शहरांत सातवीपर्यंतची मुले तेव्हा घरीच होती, खेड्यांत चौथीपर्यंतची. काही घरे आजारामुळे सही करणार नाहीत. त्यांच्यावर टीका करू नका. पण घरी राहणे म्हणजे सुट्टी नव्हे. रोज दोन तास ठरवा. मोठ्या बहिणीने धाकट्याकडून एक पान मराठी वाचून घ्यावे, पाढे म्हणून घ्यावेत. मोहल्ल्यातील कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी चार-पाच लहान मुलांना उघड्या अंगणात बसवावे. अरबीच्या मकतबसाठी आपण जशी वेळ काढतो, तशीच याही शिक्षणासाठी काढावी.

सही एकदा केली की कायमची बांधली गेली, असेही नव्हते. गावात रुग्ण वाढले, तर मुलाला पुन्हा घरी ठेवता येत होते. सुरुवातीला नाही म्हटले, तर दिवाळीनंतर हो म्हणता येत होते. मात्र ज्या मुलीचे नाव शाळेतून कायमचे निघाले, तिला परत वर्गात बसवणे फार अवघड जाते. म्हणून ज्या घरात मोठ्यांची लस झाली आहे आणि मूल तंदुरुस्त आहे, त्या घराने बिस्मिल्लाह म्हणून सही करावी. जिथे लस राहिली आहे, तिथे आधी दादा-दादींना आरोग्य केंद्रात न्यावे आणि त्यांचे डोस झाले की सही करावी.

अल्लाह आपल्या मुलांना सेहत देवो, इल्म देवो आणि आपल्या वडीलधाऱ्यांची सावली आपल्यावर कायम ठेवो. आमीन.