गारगोटीच्या खिडक्या

माझ्या लहानपणी परंदवडीत विहीर खोदताना सुरुंग उडाला, की आम्ही पोरं दगडांच्या ढिगाकडे धावायचो. काळ्या कातळाच्या पोकळीत पांढऱ्या, गुलाबीसर गारगोट्या चमकायच्या. अब्बा म्हणायचे, "फेकून दे. याला ना भाव, ना उपयोग."

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथला लाव्हा थंडावताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपलं आणि हे स्फटिक वाढले. त्यातल्या एका कुळाचं नाव झिओलाइट, म्हणजे 'उकळणारा दगड'. स्वीडनच्या क्रॉन्स्टेट यांनी १७५६ मध्ये ते ठेवलं. कारण दगड तापवताच त्यातून वाफ निघाली.

दगडात पाणी राहतं कुठं? मध्ये सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियमचा अणू, चार कोपऱ्यांवर चार ऑक्सिजन, असा एक चिमुकला मनोरा. असे मनोरे कोपऱ्याला कोपरा लावून जोडले, की आत खोल्या आणि खिडक्या तयार होतात. पाणी तिथं असतं.

आता सुतळीची बाज आठवा. ती तिरकी ओढली तर भोकांचा आकार बदलतो. पण कुठली गाठ कुठल्या गाठीला जोडली आहे, हे बदलत नाही. लांबी-रुंदी बाजूला ठेवून केवळ ही जोडणी पाहणारं गणित म्हणजे टोपोलॉजी. शास्त्रज्ञ खिडकीभोवतीचे मनोरे मोजतात. आपल्या दख्खनच्या कातळात सापडणाऱ्या चाबाझाइटच्या खिडकीला आठ, स्टिल्बाइटच्या मोठ्या खिडकीला दहा. आठाच्या खिडकीतून सरळ साखळीचा रेणू आत शिरतो, फांद्या फुटलेला बाहेरच अडतो. अशा अडीचशेहून अधिक जोडण्यांची जगात नोंद आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही झिओलाइटवर पुष्कळ काम झालं आहे.

२०२१ मध्ये अम्मीच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र रात्रंदिवस घरघरत होतं. त्याच्या पोटातही झिओलाइटच होता, कारखान्यात बनवलेला, बारा मनोऱ्यांच्या खिडक्यांचा. या खिडकीतून नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघंही आत जातात. पण आतले सोडियम किंवा लिथियमचे भारित अणू दाबाखाली नायट्रोजनला अधिक घट्ट धरतात. ऑक्सिजन पुढं सुटतो. दाब उतरला, की नायट्रोजनही मोकळा होतो आणि चाळणी पुन्हा तयार.

अम्मी त्यातून उठली. अब्बा तेव्हा नव्हते. नाहीतर त्यांना सांगितलं असतं, याला उपयोग आहे.