साथीचा माग आणि रुग्णाची गुप्तता

१८९७ च्या मार्च महिन्यात पुण्यात प्लेगचे रुग्ण शोधण्यासाठी गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. त्यातून पुढे जे घडले ते रँड आणि चापेकर या नावांनी महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले. परंतु झडतीच्या वेळी आपला आजारी माणूस लपवून ठेवणारी बिननावाची कुटुंबे मात्र इतिहासाच्या समासातच राहिली. ही कुटुंबे काही साथ पसरविण्याच्या इच्छेने वागत नव्हती. रुग्ण सापडला की तो इस्पितळात, घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत आणि घरचे सामान जाळपोळीत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आजार कळविल्याचा लाभ साऱ्या शहराला आणि भुर्दंड मात्र एकट्या घराला, असा तो व्यवहार होता. त्यात लपविणे हाच त्या घराच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय ठरत होता.

त्याच वर्षीचा साथरोग कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. घरीच विलग राहण्यास सांगितलेल्या माणसांच्या डाव्या हाताच्या पाठीवर शाईचा शिक्का मारण्यात आला. शेजारच्या कर्नाटकात तर विलगीकरणातील लोकांचे पत्तेच प्रसिद्ध झाले. प्लेगच्या काळातील दडपशाहीशी याची तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. पण जुना व्यवहार बदललेला नव्हता. माहिती देणाऱ्याच्या पदरी पडणारी किंमत तीच होती, केवळ तिचे रूप बदलले होते. दक्षिण कोरियात बाधितांच्या हालचालींचा तपशील भ्रमणध्वनीवरून सर्वांना कळविला जाई. मे २०२० मध्ये सोलच्या इटेवॉन भागातील क्लबांतून साथ पसरली, तेव्हा तेथे गेलेले अनेकजण बदनामीच्या भीतीने पुढे येईनात. शेवटी नाव न विचारता चाचणी करण्याची सोय शहराच्या प्रशासनाला करावी लागली. गुप्तता ही आरोग्याच्या आड येणारी चैन नसून आरोग्याच्या यंत्रणेचाच एक सुटा भाग आहे, एवढे मान्य करण्यास इतका अनुभव पुरेसा व्हावा.

निकटसहवासितांचा शोध घेण्याचे काम यंत्राकडे सोपविले, तर माणसाची लाज आणि भीती त्यातून वजा होईल, अशी आशा त्या वर्षी जगभर निर्माण झाली. दोन फोन जवळ आले की ब्लूटूथच्या लहरींवरून एकमेकांना सांकेतिक क्रमांक देतील. पुढे एकाला बाधा झाल्याचे निष्पन्न झाले की दुसऱ्याला सूचना मिळेल. कल्पना एवढीच. तिच्यातील खरा प्रश्न असा की, ही भेटीगाठींची नोंद कोणाच्या हाती राहावी?

कुणाला काय कळते?

या प्रश्नाची दोन उत्तरे देण्यात आली. पहिले उत्तर मध्यवर्ती नोंदणीचे. भारताचे आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० रोजी आले. त्याने नाव, भ्रमणध्वनी क्रमांक, वय, लिंग, व्यवसाय विचारला, ब्लूटूथबरोबर ठिकाणही नोंदविले, आणि ठरावीक प्रसंगी ही माहिती सरकारी संगणकाकडे जाण्याची व्यवस्था ठेवली. १ मे रोजी गृह मंत्रालयाने ते सरकारी व खाजगी नोकरदारांना सक्तीचे केले आणि १७ मेच्या आदेशात ती सक्ती सैल केली. मधल्या काळात, ११ मे रोजी, माहिती कोणी, कशासाठी, किती दिवस वापरावी याची नियमावली निघाली. म्हणजे सक्ती अगोदर आणि नियम नंतर! खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये दिलेला असताना हा क्रम निदान उलटा असावयास हवा होता.

दुसरे उत्तर लोझान येथील संगणकशास्त्रज्ञ कार्मेला ट्रोंकोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले, आणि अॅपल व गूगल या दोन कंपन्यांनी मे २०२० मध्ये त्याच धर्तीची सोय आपल्या फोनांत आणली. या पद्धतीत फोन दर काही मिनिटांनी बदलणारे अर्थहीन क्रमांक उच्चारतो आणि भोवतालच्या फोनांचे क्रमांक स्वतःपाशी सुमारे चौदा दिवस ठेवून पुसून टाकतो. बाधित माणसाने संमती दिली तर त्याच्या फोनने वापरलेल्या क्रमांकांच्या किल्ल्या तेवढ्या जाहीर होतात. जुळणी प्रत्येकाच्या खिशातील फोन स्वतःच करतो. कोण कोणाला भेटला, हे सरकारलाही कळत नाही आणि कंपनीलाही कळत नाही.

अशा अंधारात काम करणाऱ्या यंत्राचा आरोग्याला उपयोग काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. इंग्लंड व वेल्समधील याच धर्तीच्या योजनेचा अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०२० च्या सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरअखेरपर्यंत सुमारे १ कोटी ६५ लाख लोकांनी ती नियमित वापरली आणि तिच्यामुळे टळलेल्या बाधितांची संख्या एका पद्धतीने २ लाख ८४ हजार, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ९४ हजार निघाली. दोन आकड्यांतील अंतर मोठे आहे, हे खरे. पण दोन्ही आकडे शून्यापासून बरेच दूर आहेत.

न पुसता येणारी वही

याच सुमारास तिसरी एक सूचना पुढे आली, ती ब्लॉकचेनची. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांची ‘बीपट्रेस’ ही योजना त्यांपैकी एक. शोधासाठी एक आणि सूचनेसाठी एक अशा दोन साखळी-वह्या ठेवाव्यात, त्यांत टोपणनावांनी नोंदी व्हाव्यात आणि कोणा एका सत्तेच्या हाती सारी माहिती एकवटू नये, असा तिचा आशय होता.

ब्लॉकचेन या शब्दाभोवती इतका धूर साचला आहे की मूळ वस्तू दिसेनाशी व्हावी. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील सरबतासारखा थंड चहा विकणाऱ्या एका कंपनीने आपल्या नावात हा शब्द घातला आणि तिच्या समभागाचा भाव एका दिवसात दुपटीहून अधिक चढला! वस्तुतः ही एक प्रकारची रोजकीर्द आहे. नोंदींचे एक पान भरले की त्या पानावरून गणिताने एक लहानसा ठसा काढावयाचा, ज्याला हॅश म्हणतात, आणि तो पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहावयाचा. मागच्या पानातील एक अक्षर जरी बदलले तरी त्याचा ठसा बदलतो आणि पुढची सारी पाने खोटी ठरतात. त्यातून या वहीच्या प्रती अनेकांकडे असल्यामुळे एकट्या मुनिमाला रात्रीतून पान बदलता येत नाही. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात या कल्पनेवर बिटकॉइनची उभारणी झाली, ती एकच पैसा दोनदा खर्च होऊ नये म्हणून.

चोख वही ठेवण्याचे हे गुण निर्विवाद आहेत. पण निकटसहवासाची माहिती तिच्यात लिहिली की हेच गुण दोष होऊन बसतात. साथीच्या नोंदीची सर्वांत मोठी सुरक्षितता ती पुसली जाण्यात आहे. चौदा दिवसांनी निरुपयोगी झालेली नोंद चौदा वर्षे राहिली, तर तिचा उपयोग साथीखेरीज अन्य कोणत्या तरी कामासाठीच होणार. ब्लॉकचेनचे तर ब्रीदच न विसरण्याचे. युरोपीय संघाच्या कायद्याने नागरिकाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. न पुसता येणाऱ्या वहीत तो हक्क कसा पाळावयाचा, हा पेच तेथील जाणत्यांना पडला आहे.

यावर टोपणनावांचे उत्तर दिले जाते. नाव लिहावयाचेच नाही, केवळ त्याचा ठसा लिहावयाचा. हे उत्तर दिसते तितके भक्कम नाही. ठशावरून मूळ मजकूर काढता येत नाही, हे सत्य मूळ मजकूर अंदाजापलीकडचा असेल तेव्हाच खरे. भारतातील भ्रमणध्वनीचा क्रमांक दहा अंकी असून तो ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो. म्हणजे शक्य क्रमांक सारे मिळून चारशे कोटी. एवढ्या क्रमांकांचे ठसे काढून ठेवणे आजच्या साध्या संगणकालाही जड नाही. नंतर वहीतील ठसा आणि आपल्या यादीतील ठसा जुळविला की क्रमांक हाती आला. गुप्त पुरवणी अंक मिसळून हे काम अवघड करता येते, यादृच्छिक क्रमांक वापरले तर ते आणखी अवघड होते. परंतु मग प्रश्न असा उरतो की, यादृच्छिक क्रमांकांची सारी सुरक्षितता लोझानच्या पद्धतीत वहीवाचूनच मिळत असताना वही हवीच कशाला?

शिवाय वही खोटी करता येत नाही, याचा अर्थ तिच्यात खोटे लिहिता येत नाही असा नव्हे. मोजमाप चुकले, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा फोन ‘सहवास’ म्हणून नोंदला गेला, तर ती चूकच अजरामर होणार.

पहारेकऱ्यावरचा पहारा

एवढ्यावरून ब्लॉकचेनला निकालात काढणे मात्र घाईचे होईल. तिचे खरे स्थान कोणते, हे सिंगापूरच्या अनुभवावरून समजते. तेथील ‘ट्रेसटुगेदर’ २० मार्च २०२० रोजी सुरू झाले. माहितीचा उपयोग केवळ निकटसहवासितांच्या शोधासाठी होईल, असे जबाबदार मंत्र्याने जाहीरपणे सांगितले. पुढे सुमारे चार पंचमांश रहिवासी योजनेत सामील झाले, आणि ४ जानेवारी २०२१ रोजी संसदेत उघड झाले की फौजदारी प्रक्रिया कायद्याखाली पोलिसांना ही माहिती मागता येते. एका खुनाच्या तपासात ती मागितलीही गेली होती. संकेतस्थळावरील निवेदन त्यानंतर बदलले गेले. ते आश्वासन देताना आपल्याला त्या कायद्याची आठवण झाली नव्हती, असे संबंधित मंत्र्याने कबूल केले. फेब्रुवारीत नवा कायदा करून पोलिसी वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करण्यात आला. त्या सरकारची नियत वाईट होती, असे म्हणण्याचे कारण नाही. पण शब्द बदलल्याचे नागरिकाला कळले ते बदलून झाल्यावर.

पहारा ठेवावयाचा तो रुग्णावर नव्हे, तर रुग्णाची माहिती राखणाऱ्यावर. सातबाऱ्यावर नाव चढावयाचे तर आधी फेरफार नोंद व्हावी लागते आणि त्या नोंदीवर हरकत घेता येते. आरोग्यविषयक माहितीलाही असे फेरफाराचे रजिस्टर हवे. कोणत्या कार्यालयाने कोणत्या दिवशी कोणत्या कारणासाठी नोंद उघडली, नियमावलीत कोणता शब्द कधी बदलला, मुदत संपल्यावर माहिती पुसली की नाही, या तीन प्रकारच्या नोंदी न पुसता येणाऱ्या वहीत जाव्यात. रुग्णाचे नाव तिच्यात नसावे, आजारही नसावा. एस्टोनिया या छोट्या देशाने आरोग्य-नोंदींच्या बाबतीत २०१६ पासून याच दिशेने पावले टाकली. तेथे मूळ कागदपत्रे साखळीत नसतात. त्यांच्यात कोणी ढवळाढवळ केली तर कळावे, इतकेच काम साखळीकडे आहे. आपली नोंद कोणी पाहिली हे तेथील नागरिकाला स्वतः पाहता येते.

आरोग्य सेतूतील सहवास-शोधाची सोय पुढे बंद झाली आणि जमा झालेली माहिती पुसल्याचे सरकारने संसदेत सांगितले. ते असत्य मानण्याचे कारण नाही. परंतु ज्या कोट्यवधी लोकांनी आपले नाव, व्यवसाय आणि फिरणे त्यात घातले, त्यांच्यापाशी या पुसण्याचा पुरावा म्हणून सरकारच्या शब्दापलीकडे काही नाही. पुसल्याची नोंद, तारखेसह, जाहीर वहीत असती तर शब्दाला आधार मिळाला असता. अर्थात नोंद झाल्यावरही एखादी प्रत अन्यत्र ठेवलेली नाही याची हमी कोणतेही गणित देऊ शकत नाही. तेथे तपासणीचा अधिकार असलेला स्वतंत्र अधिकारी आणि शिक्षेची तरतूद असलेला कायदाच लागतो. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने सरकारला दिलेल्या सवलती पाहता या बाजूचे काम बरेच शिल्लक आहे.

करोनाची साथ ओसरली म्हणून हा विषय शिळा झाला, असे समजणे चुकीचे ठरेल. क्षयरोगी आढळल्याचे सरकारला कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे. त्याची नोंद ‘निक्षय’ या संगणकीय यादीत होते आणि त्याच्या घरच्यांची तपासणी करण्यासाठी आरोग्यसेवक दारात उभा राहतो. लग्नाच्या वयाची मुलगी असलेल्या घरात त्या दारावरच्या थापेचा अर्थ काय होतो, हे चाळीत वा वाड्यात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने गुप्ततेचे कर्तव्य स्पष्ट शब्दांत घातले आहे, आणि जोडीदाराला कळविण्याची रीतही ठरवून दिली आहे. क्षयरोग्यालाही आपली नोंद कोणी उघडली हे विचारण्याचा आणि उत्तर मिळण्याचा हक्क द्यावयास हरकत नसावी.

यासाठी मोठा खर्च येईल, हा आक्षेप मात्र टिकणारा नाही. बिटकॉइनप्रमाणे वीज जाळणारी स्पर्धा येथे नको. वहीच्या प्रती आरोग्य खाते, उच्च न्यायालय, एखादे विद्यापीठ आणि वैद्यक परिषद अशा चार परस्परांच्या आज्ञेत नसलेल्या संस्थांकडे राहिल्या की काम भागते. तितकेही जमत नसेल, तर याहून जुना आणि स्वस्त मार्ग उपलब्ध आहे. अशा साखळीची कल्पना १९९१ मध्ये मांडणाऱ्या हेबर आणि स्टॉर्नेटा या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांच्या कंपनीने १९९५ पासून अनेक वर्षे आपल्या वहीचा ठसा आठवड्यातून एकदा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापला. वृत्तपत्राच्या लाखो प्रती घरोघर गेल्यावर तो मागाहून बदलणे कोणालाच शक्य नव्हते. जमीन खरेदीच्या आणि नावातील बदलाच्या जाहीर नोटिसा मराठी दैनिकांत रोज छापून येतात. त्यांच्या शेजारी आठवड्याला एक ओळ छापण्याइतकी जागा सहज निघेल.