‘डिबॅकल’ शब्दाची कूळकथा

सैन्याची दाणादाण, पेढीचे दिवाळे किंवा निवडणुकीतील दारुण पराभव यांचे वर्णन करताना इंग्रजी वृत्तपत्रे ‘डिबॅकल’ हा शब्द योजतात. तथापि या शब्दाचा जन्म गोठलेल्या नदीवर झाला आहे.

फ्रेंच भाषेत ‘बाक्ले’ म्हणजे दाराला अडसर घालणे आणि ‘देबाक्ले’ म्हणजे तो काढणे. लॅटिनमधील काठी या अर्थाच्या ‘बाकुलुम’ शब्दाशी त्यांचे नाते जोडले जाते. थंड देशांत हिवाळ्यात नदीवर बर्फाचा थर धरतो. नदीला घातलेला हा जणू अडसरच होय. वसंतात हिम वितळून पाणी वाढते, थर खालून उचलला जातो व कडाडून फुटतो. त्याचे प्रचंड तुकडे वाहत जाऊन एखाद्या वळणावर किंवा पुलापाशी अडकतात आणि त्यांच्यामागे पाणी तुंबते. हा बांधही फुटला, की काठच्या वस्तीची धडगत नसते. या फुटण्यालाच फ्रेंच लोक ‘देबाक्ल’ म्हणत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भूवैज्ञानिकांनी दगडधोंडे वाहून नेणाऱ्या महापुरासाठी हा शब्द इंग्रजीत आणला. पुढे लवकरच तसे उदाहरण घडले. स्वित्झर्लंडमधील बान्य खोऱ्यात जिएत्रो हिमनदीचे बर्फ कोसळून द्रांस नदी अडली व मागे सरोवर साचले. इग्नाझ व्हेनेत्झ या अभियंत्याने बर्फात बोगदा खोदून बरेचसे पाणी काढून दिले. तरीही १६ जून १८१८ रोजी बांध फुटलाच. महाराष्ट्रात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. तेथे बर्फ नव्हते. परंतु भूवैज्ञानिकांच्या अर्थाने तीही ‘डिबॅकल’च म्हटली पाहिजे.

सैन्याची फळी फुटून पळापळ होणे हे दृश्य याच्याशी इतके जुळते, की अर्थ सहज पालटला. १८७०च्या युद्धातील फ्रान्सच्या पराभवावरील कादंबरीला एमिल झोलाने १८९२ मध्ये हेच नाव दिले. हल्ली एखादे नाटक पडले तरी हा शब्द वापरतात, हे जरा अतीच होय. हळूहळू खंगत जाणाऱ्या संस्थेलाही तो शोभत नाही. पुष्कळ काळ अडलेले एकाएकी सुटणे, हा त्याचा गाभा आहे.

मराठीने याच अर्थासाठी निराळ्या वाटा धरल्या. ‘वाताहत’ म्हणजे मूळ संस्कृतात वाऱ्याने झोडपलेले. आणि १४ जानेवारी १७६१ नंतर ‘पानिपत’ हे गावाचे नावच सर्वनाशाचे सामान्यनाम होऊन बसले.